मामांची धुण्याची खोली

धुणं या विषयावर सलग दोन तास बोलू शकेल असा माणूस सबंध सोलापुरात एकच आहे आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामा म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणते. बाहेर लोकांनी त्यांना आणखी पाच-सहा नावं ठेवली आहेत, त्यांतली निम्मी त्यांच्यासमोर घेता येत नाहीत. एका कापडगिरणीच्या रंगखात्यात त्यांनी उभी हयात काढली. पुढे गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, चिमणी नुसती नावाला उभी राहिली, पण मामांच्या डोक्यातलं रंगखातं अजून तिन्ही पाळ्यांत चालू आहे. माणूस समोर आला की ते आधी त्याची कॉलर बघतात, मग बाह्यांची टोकं, आणि एवढं सगळं ठीक निघालं तर तोंडाकडे. मला बँकेत नोकरी लागली त्या दिवशी पेढे घेऊन मी पाया पडायला गेले, तर आशीर्वादाला उचललेला हात मध्येच वळवून त्यांनी माझ्या ओढणीचं टोक चिमटीत धरलं आणि म्हणाले, "ही मिठाच्या पाण्यातून काढली न्हाईस तू. दोन महिन्यांत पांढऱ्या ड्रेसला लागती बघ." दोन महिने कसले, तिसऱ्याच आठवड्यात लागली.

लग्नाकार्याला त्यांना बोलवताना लोक थोडे बिचकतात आणि बोलवल्यावाचून राहतही नाहीत, कारण कार्य म्हटलं की सांडासांड आलीच. एका लग्नात नवरदेवाच्या पांढऱ्या सदऱ्यावर कुणाचा तरी हळदीचा हात उमटला. त्याच्या बहिणी साबण घेऊन धावल्या. मामा भरल्या पानावरून उठले. "साबण लावू नका. हळद साबणाला चिडती," असं म्हणेपर्यंत एकीनं लावलाच, आणि डाग कुंकवासारखा लाल झाला. मग मामांनी नवरदेवाचा सदरा उतरवून घेतला, त्यावर लिंबू पिळलं, कार्यालयाच्या गच्चीवर तो उन्हात पसरला आणि स्वतः राखणीला बसले. खाली नवरदेव बनियनवर शाल पांघरून लोकांचे नमस्कार घेत राहिला. मुहूर्त जवळ आला तसे निरोपावर निरोप वर जाऊ लागले. मामांचं उत्तर ठरलेलं होतं. "मुहूर्त दुसरा निघंल. सदरा एकच हाय." सदरा खाली आला तेव्हा डाग कुठे होता हे सांगायलासुद्धा मामांनाच बोलवावं लागलं.

आता सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार दिवसांनी येतं, पाच दिवसांनी येतं, कधी येतो म्हणून सांगून येत नाही. अशा गावात धुण्याचं वेड असणं म्हणजे वाळवंटात पोहण्याचा नाद असल्यासारखं आहे. पण मामा त्यातही आनंदात. त्यांच्या घरी वार नाहीत. पाण्याचा दिवस, पाण्याचा दुसरा दिवस, तिसरा दिवस अशीच मोजणी चालते. "दुसऱ्या दिवशी जेवायला ये," असं ते म्हणाले की पाणी कधी आलं ते आपण शोधून काढायचं. पांढऱ्या कपड्यांचं शेवटचं पाणी रंगीत कपड्यांना पहिलं, रंगीताचं शेवटचं पायपुसण्यांना, पायपुसण्यांचं फरशीला आणि फरशीचं परसातल्या पपईला. त्या पपईला साबणाचा वास येत नाही हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. आत्या तयार नाही.

घरातल्या प्रत्येक कपड्याचं धुणं ते स्वतः करतात, आत्याच्या साड्यांसकट, आणि दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाहीत. त्यांच्या पुण्यातल्या मुलानं एकदा काचेच्या तोंडाचं वॉशिंग मशीन पाठवलं. मामांनी त्याच्यासमोर स्टूल टाकलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एक फेरा टक लावून बघितला. मग उठले आणि म्हणाले, "हे धूत न्हाय. मारतंय." त्या मशीनमध्ये सध्या मंगळवेढ्याची ज्वारी असते. झाकण घट्ट बसतं, त्यामुळे किडा लागत नाही, असं त्यांचं त्या यंत्राबद्दल चांगलं मत आहे.

मामांच्या घराला पेठेत अजून साहेबाचा बंगला म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी गिरणीच्या कुणा गोऱ्या अधिकाऱ्यासाठी तो बांधला होता. साहेब मायदेशी गेला आणि मामांच्या वडिलांनी बंगला घेतला. तेव्हापासून कानडी आणि मराठी दोन्ही बोलणारी माणसं तिथे राहतात, पण नाव साहेबाचंच आहे. काळ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलं, हत्तीला सोयीचे पडतील असे दरवाजे. आणि परसात, घरापासून चार पावलं सुटी, धुण्याची खोली. साहेबाच्या मडमेला धुणं डोळ्यांसमोर नको होतं म्हणून ती मागं बांधली, असं मामा सांगतात. मडम त्यांना कधी भेटली नव्हती, पण सांगतात. आत शहाबादी फरशी, भिंतीला लागून दगडात कोरलेल्या दोन कुंड्या, कोपऱ्यात विटांच्या बांधीव चुलीत बसवलेला तांब्याचा हंडा, आढ्याखाली दोरीनं वरखाली होणारी सागवानी दांड्यांची चौकट, आणि मधोमध धुण्याचा दगड. घर एकत्र होतं तोवर मामा तिथेच धुवायचे. मग भाऊ वेगळे झाले, धुणं कमी झालं, मामा न्हाणीघराशेजारच्या मोरीत आले आणि मागच्या खोलीला कुलूप लागलं. ते मी जन्मल्यापासून तसंच बघत होते.

ते कुलूप उघडलं एका तरुण बाईंमुळे. गावातल्या जुन्या घरांची यादी करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. मामा त्यांना पहिल्या दिवसापासून वारसावाल्या बाई म्हणतात. बाईंनी दर्शनी भिंत बघितली, जिना बघितला, खिडक्या बघितल्या, मान डोलावून वहीत लिहिलं. जाता जाता परसात आल्या, कुलपाकडे बोट केलं, आणि आत शिरल्या त्या अर्ध्या तासानं डोक्याला जळमटं लावून बाहेर आल्या. म्हणाल्या, "काका, अशी अख्खी धुण्याची खोली मी या गावात दुसरी बघितली नाही. फार काही करू नका. जरा ताजंतवानं करा, बस."

ताजंतवानं या एका शब्दावर मामांनी पुढचे चार महिने काढले.

त्याच संध्याकाळी त्यांनी आत्याला बेत सांगितला. आत्या तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता एकच शब्द उच्चारला, "ब्याड." ब्याड म्हणजे नको. आत्याचं रोजचं बोलणं मराठीत असतं; कानडी ती निकालासाठी राखून ठेवते. त्या घरात कानडीत पडलेला निकाल आजवर कुणी फिरवलेला नाही. पण मामांच्या कानात तेव्हा वारसावाल्या बाईंचा शब्द घुमत होता, त्यांना हा ऐकूच गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुलूप काढलं आणि आत्यानं त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

मामांना हे कळायला पाच दिवस लागले, कारण तेवढे दिवस ते स्वतःच बोलत होते. आणि खोलीतून काय काय निघत होतं त्याचं वर्णन करायला माणूस हवाच होता. दोन मोडके पाळणे निघाले, एकोणीस छत्र्या निघाल्या, कधीतरी पडलेल्या एका उमेदवाराचे फलक निघाले आणि एक तबला निघाला, जो कुणाचा हे थोरल्या भावाला फोन करूनसुद्धा कळलं नाही. मी दर रविवारी जायची. आत्या चहा द्यायची आणि म्हणायची, "तुझ्या मामांना सांग, भाजी संपली." मामा शेजारीच बसलेले असायचे. ते म्हणायचे, "तुझ्या आत्याला सांग, आणतो." मी दोघांच्या मध्ये बसून हे सांगितल्यासारखं करायची. मामांना वाटलं, धुळीमुळं तिचा घसा बसला असेल.

भिंतींचं काम त्यांनी त्यांच्या जुन्या मिस्त्रींना दिलं. मिस्त्री वयानं मामांच्या बरोबरीचे, दखनी बोलणारे, आणि सहनशील. त्यांचं म्हणणं होतं, प्लास्टिक पेंट मारू, दोन दिवसांत मोकळे होऊ. मामांनी चुना मळवला. मग त्या चुन्यात नीळ किती घालायची यावर प्रयोग सुरू झाले. भिंतीवर हातभर लांबीचे अकरा चौकोन, प्रत्येकाला नंबर, प्रत्येकात नीळ कमीजास्त. ते चौकोन सकाळच्या उजेडात बघायचे, दुपारच्या बघायचे, दिवा लावून बघायचे. मिस्त्री टोपी मागं सारून म्हणाले, "मामू, मेरे कू तो सब सफेदच दिखरा."

"म्हणून तर तू भिंती बांधतोस," मामा म्हणाले.

अखेर सात नंबर पक्का झाला. मामांनी मला त्याच्यापुढे उभं केलं आणि चार नंबरात कसा कळकटपणा आहे, सातात कसा नाही, हे समजावून सांगितलं. मी निघाले तेव्हा मिस्त्री फाटकाशी हळूच म्हणाले, "सात और चार एकच बाल्टी का था." मी हे आजपर्यंत मामांना सांगितलेलं नाही, इथेच लिहिते आहे.

तांब्याचा हंडा घासायला त्यांनी चिंच वापरली. घरातली वर्षाची चिंच संपली, मग शेजारची संपली, आणि हंडा असा निघाला की त्यात बघून दाढी करता यावी. आढ्याची चौकट चालते का हे बघायला त्यांनी आपली विजार टांगून ती वर ओढली. चौकट वर गेली ती खाली येईना. विजार तीन दिवस छताशी फडफडत राहिली. चौथ्या दिवशी मिस्त्रींनी शिडी आणली. या सगळ्यात मामा दहा वर्षांनी लहान दिसायला लागले होते. बसल्या बसल्या गुणगुणायचे. वयाच्या पंचाहत्तरीनंतर माणसाला नवं काम मिळावं, तेही आवडीचं, हे सुख मी त्यांच्या तोंडावर बघत होते. आणि स्वयंपाकघरात आत्या दिवसेंदिवस गप्प होत चालली होती.

काम होत आलं तेव्हा वारसावाल्या बाई परत आल्या. त्यांनी भिंतींवरून हात फिरवला, हंड्यात डोकावल्या, आणि मग त्या मधल्या दगडाशी उकिडव्या बसल्या. दगडाला मधोमध खोलगट झीज होती, ताटलीसारखी. बाई म्हणाल्या, "हा बघा, खरा दागिना हा आहे. किती वर्षांची झीज आहे ही. याला अजिबात हलवू नका. हिवाळ्यात आम्ही लोकांना जुनी घरं दाखवायला आणतो, तेव्हा सुरुवात इथूनच करू." मामांची छाती दोन इंच वाढली. लोकांना काय सांगायचं त्याची त्यांनी तिथल्या तिथे तालीम केली, ती बाईंनी उभ्यानं ऐकली.

त्या दिवशी आत्यानं चहा केला नाही. पाहुणा दारात आणि चहा नाही, हे त्या घरात मी पहिल्यांदा बघत होते. चहा मीच टाकला, बाईंना दिला, त्या गेल्या. मग एक कप घेऊन आत्याजवळ जाऊन बसले. ती शेंगा फोडत होती.

"आत्या, काय झालंय?"

"काय व्हायचंय," ती म्हणाली. आणखी पाच-सहा शेंगा फोडल्या. मग म्हणाली, "त्या दगडावर मी पाच महिने धुणं धुतलंय. लग्न होऊन आले तेव्हा घरात सतरा माणसं. पहाटे बसायचं ते उन्हं वर येईपर्यंत. साबण जपून घ्यायचा, सोडा मात्र ओंजळीनं. दुसऱ्या महिन्यात हाताला चिरा पडल्या. त्यात सोड्याचं पाणी शिरलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. भाकरीच्या पिठाला रक्त लागू नये म्हणून बोटांना चिंध्या बांधायची. सासूबाईंनी विचारलं तर सांगितलं, चटका बसला."

"मग?"

"मग एक दिवस वाढताना यांनी हात बघितले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गेले तर हे माझ्या आधी दगडावर जाऊन बसलेले. सगळं घर बघायला जमलं. सासूबाई म्हणाल्या, हे काय चाललंय? तर म्हणाले, मी रंगखात्यातला माणूस, मला दुसऱ्यानं धुतलेलं चालत न्हाय. इथून पुढं सगळ्यांचं मीच धुणार."

मी कप खाली ठेवला. "म्हणजे मामांना धुण्याची आवड होती म्हणून..."

"कसली आवड. त्यांना तेव्हा स्वतःचा रुमाल धुता येत नव्हता. गिरणीत रंग चढवायचे, उतरवायचे कुठं माहीत होतं. पहिल्याच दिवशी सासऱ्यांचं धोतर गुलाबी करून ठेवलं." आत्या पहिल्यांदा किंचित हसली. "गल्ली हसली. गिरणीतले हसले. सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत. जेवढे लोक हसायचे तेवढं हे जोरात सांगायचे, कापडाचं असं असतं, पाण्याचं तसं असतं. सांगता सांगता खरंच शिकले. आणि मग तू बघतीस तसे झाले."

इतकी वर्षं ज्या वेडाला आम्ही सगळे हसत आलो त्याचं मूळ माझ्यासमोर शेंगांच्या टरफलांत पडलेलं होतं.

"मग राग कशाचा गं?" मी विचारलं.

"राग न्हाय. त्यांना त्या खोलीतली त्यांची बारा वर्षं आठवतात, गाणी म्हणत धुतलेली. मला माझे पाच महिने आठवतात. आता लोक येणार, त्या दगडाचा खळगा बघणार, फोटो काढणार. त्या खळग्यात माझंबी थोडं हाय की. ते बघायला मला कुणी यायला नको."

मी उठून परसात गेले. मामा खोलीत दगडावरून ओलं फडकं फिरवत होते. मी त्यांना आत्याचं म्हणणं सांगितलं, फार वेळ लागला नाही. ते कुंडीच्या कडेवर बसले. फडक्यातलं पाणी फरशीवर ठिबकत राहिलं. मला वाटलं, आता सोड्यावर काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "चिंध्या पिवळ्या होत्या. हळद लावून बांधायची ती."

मग त्यांनी फडकं पिळून बाजूला ठेवलं. "मी विसरलो न्हाय, पोरी. मला वाटलं, मी बसलो त्या दिवशी ते संपलं. तिचं संपलं का, एवढं विचारायचं राहून गेलं."

त्या दिवशी चहा पिताना मामा धुण्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी घरी येऊन आईला फोन करून सांगितलं, तर तिला ते आजारी पडल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रींना बोलावून दगड काढायला सांगितला. मिस्त्रींनी कमरेवर हात ठेवले. "मामू, कल बोले पत्थर कू हात नक्को लगाओ. आज बोलते निकालो."

"काल मला माहीत नव्हतं. आज हाय."

पण वारसावाल्या बाईंना न सांगता काढणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी फोन लावला. ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवून हातभर लांब धरून बोलतात, त्यामुळे परसातल्या सगळ्यांनी तो ऐकला. बाई म्हणाल्या, "काका, असं नका करू. तो मूळचा दगड आहे, शंभर वर्षं त्याच जागी आहे. तो काढला की त्या खोलीचं महत्त्व कमी होतं."

"होऊ दे की कमी," मामा म्हणाले. "आमचं घर तुमच्या यादीत आलं, लई बरं वाटलं. पण त्या दगडावर कोण बसलं, काय सोसलं, ते तुमच्या यादीत लिवायला जागा न्हाय."

मग बाईंनी विचारलं, "कोण बसत होतं काका?"

मामांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि सांगितलं. धुण्यावर दोन तास बोलणाऱ्या माणसानं ते चार वाक्यांत संपवलं. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, जागेवर आहे तोवर मापं घ्या, फोटो काढा, मग हलवा. आणि तुम्ही सांगितलंत तेही मी लिहून ठेवते, काकूंची हरकत नसेल तर.

दगड निघायला सबंध सकाळ गेली. चार माणसं, दोन पहारी आणि मिस्त्रींची अखंड बडबड. निघाल्यावर खाली फरशीवर फिकट चौकोन राहिला. आता एवढं धूड ठेवायचं कुठं, असं मिस्त्रींनी विचारलं, तेव्हा मामा हात पुसत स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत गेले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "अगं, दगड कुठं ठिवायचा?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. आम्ही सगळे परसात उभे. मग आतून आत्याचा आवाज आला, मराठीत, "लिंबाखाली ठेवा. पालथा."

दगड लिंबाखाली पालथा ठेवला गेला. त्याच्या जागी मामांनी कमरेइतका उंच ओटा बांधून घेतला, कडा गोल, धार कुठेही नाही. उंची ठरवताना मला, आत्याएवढीच उंच म्हणून, हवेत धुणं धुवून दाखवायला लावलं. मी म्हटलं, "मामा, आत्या काही धुणार नाही." तर म्हणाले, "न्हायच धुणार. पण उद्या तिच्या मनात आलं तर वाकावं लागाय नको."

आत्या ओटा वाळल्यावर आठ दिवसांनी आली. काठी टेकत दारात उभी राहिली, आत पाय न टाकता सगळीकडे बघितलं. भिंती बघितल्या, हंडा बघितला, दगडाची मोकळी जागा जरा जास्त वेळ बघितली. मामा सात नंबरबद्दल सांगायला तोंड उघडत होते, मी त्यांचा हात दाबला. आत्या म्हणाली, "ती खिडकी उघडत नाही का?" खिडकी रंगाच्या थरांनी केव्हाची चिकटून बसली होती आणि चार महिन्यांत तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. मामा आणि मिस्त्रींनी दीड दिवस खपून ती उघडली. पलीकडे मागच्या बोळातली विणकरांची घरं आहेत. खिडकी उघडली तशी एक तेलुगू म्हातारी तिच्यापाशी आली आणि आत्यानं आतून तिला विचारलं, पाणी आलं का. दुसऱ्या दिवशी आत्याची खुर्ची त्या खिडकीशी आली. आता ती सकाळभर तिथेच असते. भाजी निवडते, बोळातल्या बायकांशी बोलते, मामा ओट्यावर धूत असतात आणि ती मध्येच त्यांना सांगते की कॉलर राहिली. असं त्यांना सांगण्याची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. ते कॉलर पुन्हा धुतात.

हिवाळ्यात जुनी घरं बघणारी मंडळी आली. मामांनी त्यांना हंड्यापुढे पाऊण तास उभं केलं. बाईंनी दगडाबद्दल काही सांगितलं नाही, कारण आत्यानं तसं कळवलं होतं. लिहून ठेवा म्हणाली, पण सांगू नका.

या एप्रिलमध्ये एका सकाळी मी बँकेत जाण्याआधी डबा परत द्यायला गेले. फाटक उघडंच होतं. परसात आले तर खोलीतून दोघांचे आवाज. मामा एक जाड चादर पिळत होते, आपली सोलापुरी, भिजल्यावर वासराएवढी जड होणारी. एकट्यानं पिळायचे ते नेहमी. एक टोक खुंटीला अडकवायचं आणि दुसरं फिरवत न्यायचं. त्या दिवशी एक टोक त्यांच्या हातात होतं आणि दुसरं आत्याच्या. ती खुर्चीतून उठून उभी होती. मामा पीळ देत होते आणि त्यांच्या हातून टोक निसटत होतं. एकदा निसटलं, दोनदा निसटलं. आपलं टोक घट्ट धरून ती थांबायची, त्यांचे हात पुन्हा जमेपर्यंत, आणि मग ती उलट बाजूला पीळ द्यायची.

मी तशीच मागं फिरले, फाटकापाशी गेले, कडी दोनदा वाजवली आणि मग हाक मारत आत आले.

मी पोचले तोवर चादर दांडीवर होती. तिच्यातून चांगलंच पाणी गळत होतं. मामा तिच्याकडे बघत कमरेवर हात ठेवून उभे होते.

"हल्ली कपडे वाळायला लई वेळ लागतोय," ते मला म्हणाले. "ऊनच पहिल्यासारखं राह्यलं न्हाय बघ."

बाहेर सोलापूरचा एप्रिल पेटला होता. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं.

"नाही ना," आत्या म्हणाली.

मीही म्हटलं, "हो मामा, कमीच झालंय ऊन."